विंडेनच्या चार घरांची वंशावळ

मुकुटबनच्या बाजारात माझं सेवा केंद्र आहे. फलकावर नाव लांबलचक आहे, लोक ‘सेतू’ म्हणतात. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, पीकविमा, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो. पण दहावी-बारावीचे निकाल लागले की पुढचे काही महिने एकच काम जोरात असतं, ते म्हणजे वंशावळ. जात पडताळणीच्या अर्जाला ती जोडावी लागते. सगळ्यात वर पणजोबा किंवा खापरपणजोबा, त्यांच्याखाली मुलं, मग नातवंडं, आणि अगदी तळाशी समोरच्या बाकावर मोबाइल चाळत बसलेला अर्जदार. अनुसूचित जमातीचा असेल तर ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा लागतो, इतर मागासवर्गाचा असेल तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. मग शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, कोतवाल बुकाची नक्कल, जुना फेरफार असं एकेक काढत मागे मागे जायचं.

हे आधी सांगण्याचं कारण असं की ‘डार्क’ नावाच्या जर्मन मालिकेनं मला असं का धरून ठेवलं, याचं उत्तर माझ्या या धंद्यात आहे. ही मालिका डोक्यावरून गेली, नावं लक्षात राहत नाहीत, दुसऱ्याच भागात सोडून दिली, असं म्हणणारी भरपूर शिकलेली माणसं मला भेटली आहेत. माझं उलट झालं. तिसऱ्या-चौथ्या भागातच मी एका बिघडलेल्या प्रिंटच्या पाठीमागे चौकोन आखायला घेतले.

२०२० ची टाळेबंदी होती. केंद्र बंद. भाऊ-वहिनी दोघंही दवाखान्यात नोकरीला, म्हणून भाच्याला, पुण्याहून परत आलेल्या इंजिनीअरिंगच्या पोराला, आमच्याकडे ठेवलं होतं. त्याच्याकडे नेटफ्लिक्सची फक्त मोबाइलवर चालणारी महिना १९९ रुपयांची वर्गणी होती. भारतात ती योजना आदल्याच वर्षी, जुलै २०१९ मध्ये आली होती. तो म्हणाला, “आत्या, हे पाहून पाय. पण तुले समजन का नाही सांगता येत नाही, लय गुंता हाय.” समजणार नाही असं भाच्यानं म्हटल्यावर कोणती आत्या मागे हटेल?

मालिका अशी. बारान बो ओडार आणि यान्त्ये फ्रीझ या जोडीनं ती रचली. नेटफ्लिक्सची ही पहिली जर्मन मालिका. पहिला हंगाम १ डिसेंबर २०१७ ला आला, दुसरा २१ जून २०१९ ला, तिसरा आणि शेवटचा २७ जून २०२० ला. एकूण भाग २६. विंडेन नावाचं एक काल्पनिक गाव. भोवती दाट जंगल, जंगलात गुहा, आणि गावाच्या डोक्यावर अणुवीज केंद्राचे मनोरे. अर्ध्या गावाची रोजीरोटी त्या केंद्रावर. गावातली मुलं नाहीशी व्हायला लागतात. पोलीस शोधतात की मुलगा कुठे गेला. हळूहळू उमगतं की प्रश्न जागेचा नाहीच, सालाचा आहे. गुहेतल्या एका वाटेनं माणूस ३३ वर्षं मागे किंवा पुढे जाऊ शकतो. काहनवाल्ड, नील्सन, डॉप्लर आणि टीडेमान अशी चार घरं, आणि त्यांच्या तीन-चार पिढ्या. तेच माणूस एका सालात पोरगं, दुसऱ्यात कर्तं, तिसऱ्यात म्हातारं, आणि कधी कधी तिघंही एकाच खोलीत समोरासमोर.

तारखांचा तर या मंडळींना छंदच आहे. पहिल्या भागात एक बाप २१ जून २०१९ ला गळफास घेतो आणि चिठ्ठी ठेवून जातो की ४ नोव्हेंबरच्या रात्री दहा वाजून तेरा मिनिटांच्या आधी उघडू नये. दुसरा हंगाम खरोखरच २१ जून २०१९ ला प्रसिद्ध केला. कथेत जग बुडण्याची तारीख २७ जून २०२०, आणि तिसरा हंगाम त्याच दिवशी आला. आम्ही त्या दिवशी मास्क लावून किराणा आणायला जात होतो, त्यामुळे जग बुडण्याबद्दल कोणाला फार सांगावं लागलं नाही.

गाव ओळखीचं वाटण्याला मुकुटबनचाही हातभार आहे. आमच्याभोवती जंगल आहे, चुनखडीच्या आणि कोळशाच्या खाणी आहेत, आदिलाबादहून वणीकडे जाणारा रेल्वेचा रूळ आहे, आणि आता सिमेंटचा मोठा कारखाना आहे, २०२२ मध्ये सुरू झालेला. मी मालिका पाहत होते तेव्हा त्याचं बांधकाम चाललं होतं. गावातल्या प्रत्येक बोलण्यात ‘कंपनी’ यायची: कोणाची जमीन गेली, कोणाचा पोरगा लागला, कोणाचं टिप्पर लागलं. विंडेनमध्येही केंद्र हे असंच प्रत्येक वाक्याच्या मागे उभं असतं. अंधार पडल्यावर पोरांना जंगलाकडे जाऊ न देणारे आईबाप मात्र आम्हाला मालिकेत पाहायची गरज नव्हती. २०१८ मध्ये राळेगाव-पांढरकवड्याच्या पट्ट्यात अवनी वाघिणीची जी दहशत होती ती नोव्हेंबरात तिला गोळी घातली तोवर संपली नव्हती. माणूस जंगलात गेला आणि आला नाही, हे वाक्य आमच्याकडे विज्ञानकथेत बसत नाही.

आता ३३ चा आकडा. मालिकेत सांगतात की ३३ वर्षांनी सूर्याचं आणि चंद्राचं चक्र पुन्हा जुळतं. भाच्याला वाटलं, हे लेखकानं मनानंच रचलेलं आहे. मी भिंतीवरची दिनदर्शिका काढली. चंद्राचे बारा महिने म्हणजे सुमारे ३५४ दिवस. सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. दरवर्षी ११ दिवसांची तूट. आपल्या पंचांगानं ती तूट साठू दिली नाही. साधारण अडीच-पावणेतीन वर्षांनी अधिक महिना घालून ती भरून काढली. त्या २०२० च्या सालातच अधिक आश्विन होता आणि जावयांना वाण कसं पोचवायचं याची चर्चा घरोघर होती. पण हिजरी पंचांगात अधिक महिना नाही. तिथे रमजान दरवर्षी ११ दिवस मागे सरकतो, आणि सरकत सरकत सगळे ऋतू फिरून सुमारे ३३ वर्षांनी जवळजवळ त्याच जागी येतो. ३३ सौर वर्षांत ३४ चांद्र वर्षं बसतात, फरक उरतो तो चार-पाच दिवसांचा.

केंद्राच्या शेजारी बांगड्यांचं दुकान चालवणारे चाचा आहेत. त्यांना विचारलं. म्हणाले, २०२० चा रमजान एप्रिलच्या शेवटी लागला ना, असाच कडक उन्हाळ्यातला रमजान त्यांच्या लग्नाच्या वर्षी होता, १९८७ ला. आणि त्यांचे अब्बा सांगायचे की चाचांच्या जन्माच्या आधी असेच मे महिन्यातले रोजे होते. १९५४ चा रमजान मेच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाला होता, हिशेब बसतो. पन्नास वर्षं रोजे धरणाऱ्या माणसाला उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे सगळे रमजान मिळतात आणि उन्हाळ्यातला दुसऱ्यांदा मिळतो. चाचांनी हे इतकं सहज सांगितलं की मला त्या रात्री मालिकेतल्या पात्रांचीच दया आली. त्यांना ३३ वर्षांचं चक्र कळायला अणुस्फोट लागला.

मालिकेतली सालं २०२०, १९८७, १९५४, १९२१, १८८८ अशी मागे जातात. मी ती माझ्या कागदावर एकाखाली एक लिहिली आणि सवयीनं पुढे पत्ता लिहायला लागले. मग थांबावं लागलं, कारण गाव तेच असलं तरी पत्ता दर वेळी वेगळा निघत होता. १९८७ मध्ये मुकुटबन महाराष्ट्रात, जिल्हा यवतमाळ. १९५४ मध्ये ते मध्यप्रदेशात होतं, राजधानी नागपूर. १९२१ मध्ये मध्यप्रांत आणि वऱ्हाडात. कागदावर निजामाचं, इंग्रजांनी १९०२ च्या करारानं कायमच्या भाडेपट्ट्यावर घेतलेलं. १८८८ मध्ये वऱ्हाडाचा कारभार हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटच्या हाताखाली, आणि यवतमाळ जिल्हा नावाचा जिल्हाच नव्हता. आमच्या जिल्ह्याला तेव्हा वणीचं नाव होतं, इंग्रजी कागदांत ‘वून’. ते १९०५ मध्ये बदललं. पैनगंगेपलीकडे तर १९४८ पर्यंत निजामाची राजवट. ज्या म्हाताऱ्या माणसाचा जन्म १९४५ चा आहे आणि जो एकाच घरात राहिला आहे, त्यानं मध्यप्रांत-वऱ्हाड, मध्यप्रदेश, द्विभाषिक मुंबई आणि महाराष्ट्र असे चार कारभार पाहिले, तेही ओसरीवरून न उठता. अर्जावर ‘मूळ राज्य’ असा रकाना आला की असे आजोबा माझ्याकडे पाहतात आणि मी त्यांच्याकडे.

गुहेचं म्हणाल तर आमच्याकडे काळात उतरायला खाणी आहेत. मुकुटबनचा चुनखडक पैनगंगा समूहातला, शंभर कोटी वर्षांच्या आसपासचा. तेव्हा या जागी समुद्र होता आणि जमिनीवर गवताचं पातंही नव्हतं. जवळच्या कोळशाचं वय पंचवीस-तीस कोटी वर्षं. ती गोंडवन काळातली दलदलीतली झाडं. आणि वरचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. २०२१ मध्ये आमच्याच तालुक्यात शिबला-पार्डी भागात रस्त्याचं काम करताना त्या लाव्ह्याचे षटकोनी खांब निघाले तेव्हा लोक गाड्या थांबवून पाहायला गेले, कोणी कोणी देऊळ निघालं म्हणून हात जोडून आले. मोटरसायकलवर अर्ध्या-पाऊण तासात शंभर कोटी, तीस कोटी आणि साडेसहा कोटी वर्षं ओलांडता येतात. पेट्रोल तेवढं लागतं.

मालिकेतला काळप्रवास खरंच शक्य आहे का, असं केंद्रात मला दोघा-तिघांनी विचारलं, कारण मी ज्याला त्याला गोष्ट सांगत सुटले होते. पुढच्या काळात जाणं शक्य आहे, आणि ते होत असतं, फक्त फार थोडं. आइन्स्टाइननं १९१५ मध्ये मांडलेल्या व्यापक सापेक्षतेप्रमाणे जिथे गुरुत्वाकर्षण जास्त तिथे घड्याळ मंद चालतं. शेतकरी कपाशीत उभा राहून ई-पीक पाहणीसाठी फोटो काढतो, तेव्हा त्याच्या मोबाइलला जागा सांगणाऱ्या उपग्रहांची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. त्यांना दुरुस्त केलं नाही तर एका दिवसात जागा दहा किलोमीटरच्या आसपास चुकेल, म्हणजे मुकुटबनची कपाशी भलत्याच गावाच्या शिवारात उगवेल.

मागे जाण्याचं अवघड. १९३५ मध्ये आइन्स्टाइन आणि रोझेन यांनी गणितातून अवकाशाच्या दोन जागा जोडणारा पूल दाखवला. १९४९ मध्ये कुर्ट ग्योडेल या तर्कशास्त्रज्ञानं आइन्स्टाइनच्याच समीकरणांतून असं एक विश्व काढून दाखवलं की त्यात सरळ पुढे चालत राहिलेला प्रवासी आपल्याच भूतकाळात पोचतो. १९८५ मध्ये कार्ल सेगन यांना ‘कॉन्टॅक्ट’ कादंबरीसाठी ताऱ्यांपर्यंत झटपट नेणारी वाट हवी होती, त्यांनी किप थॉर्न या भौतिकशास्त्रज्ञ मित्राला विचारलं, आणि त्या विचारण्यातून १९८८ मध्ये थॉर्न आणि मॉरिस यांचा ‘कृमिविवरां’वरचा गंभीर शोधनिबंध निघाला. म्हणजे कादंबरीकारानं शंका काढली आणि शास्त्रज्ञ कामाला लागला. स्टीफन हॉकिंग यांचं मत होतं की निसर्ग मागे जाऊ देणार नाही. त्यांनी २८ जून २००९ ला काळप्रवाशांसाठी मेजवानी ठेवली आणि निमंत्रण मेजवानी झाल्यावर जाहीर केलं. कोणी आलं नाही. माझ्या केंद्रात मात्र मुदत संपल्यावर अर्ज घेऊन येणारे पुष्कळ आहेत. त्यांना मागच्या तारखेला जायचं असतं.

मराठी वाचकाला यातलं काहीच परकं नाही, कारण जयंत नारळीकरांनी हे सगळं आपल्या भाषेत आणून ठेवलेलं आहे. त्यांची पहिली विज्ञानकथा ‘कृष्णविवर’ मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत बक्षीस घेऊन गेली, आणि ती त्यांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावानं पाठवली होती. पानिपत मराठ्यांनी जिंकलं अशा दुसऱ्याच जगात जाऊन पोचणारे त्यांचे गंगाधरपंत गायतोंडे मला कॉलेजात भेटले होते. ‘डार्क’चा तिसरा हंगाम जेव्हा एका जोड-जगात शिरतो आणि तिथे तीच माणसं वेगळ्या नात्यांत उभी दिसतात, तेव्हा भाचा गडबडला. मला गंगाधरपंतांमुळे वाट सापडली. नारळीकर २० मे २०२५ ला गेले, त्या दिवशी केंद्रात मी दोन पोरांना गंगाधरपंतांची कथा सांगितली. दाखला त्यांना उशिरा मिळाला.

आता ज्यांना मालिका कोरी पाहायची आहे त्यांनी पुढचा थोडा भाग सोडावा.

४ नोव्हेंबर २०१९ च्या रात्री गुहेजवळ मिकेल नील्सन नावाचा अकरा वर्षांचा मुलगा नाहीसा होतो. तो १९८६ मध्ये निघतो. परतता येत नाही. तिथली एक नर्स त्याला दत्तक घेते, आडनाव काहनवाल्ड होतं, नाव मिखाएल होतं, तो मोठा होतो, लग्न करतो, त्याला मुलगा होतो: योनास. तोच योनास, जो २०१९ च्या त्या रात्री मिकेलसोबत जंगलात होता. आणि योनासचं प्रेम आहे मार्था नील्सनवर, म्हणजे मिकेलच्या मोठ्या बहिणीवर.

भाच्याला हे पहिल्यांदा पाहताना उमजायला आख्खा पुढचा भाग लागला होता, असं त्यानंच सांगितलं. सासूबाई त्या काळात रात्री आम्हाला येऊन टोकायच्या, “काय पाहून राहिली व रातभर? कोनाचे लेकरं हरवले?” मी त्यांना गोष्ट सांगितली. पोरगं हरवलं, मागच्या सालात गेलं, तिथंच वाढलं, त्याला पोरगा झाला, आणि तो पोरगा आता त्याच्या बहिणीच्या मागे आहे. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मंग ते त्याची आत्या लागते. सोयरीक जुळत नाही.” झालं. जर्मनीत दोन हंगाम लोकांनी डोकं खाजवलं, आमच्या स्वयंपाकघरात एका वाक्यात निकाल लागला. वर त्यांनी पुस्ती जोडली की नदीपलीकडे तेलुगू घरांत मामा-भाचीचं लग्न चालतं, आपल्याकडे आते-मामेभावंडांचं चालतं, पण आत्या-भाचा कोणत्याच मुलखात नाही. भाचा तेव्हा माझ्या शेजारीच बसलेला होता. तो उठून पाणी प्यायला गेला.

त्याहून मोठा पेच डॉप्लरांच्या घरात आहे. शार्लोट नावाची पोलीस अधिकारी आहे. तिला आपले आईबाप माहीत नाहीत, एका घड्याळजीनं तिला वाढवलं. तिची धाकटी मुलगी एलिझाबेथ. पुढे, भविष्यात, एलिझाबेथला एक मुलगी होते, त्या बाळाला पळवून मागच्या काळात नेलं जातं आणि एका घड्याळजीच्या हाती दिलं जातं. ते बाळ म्हणजे शार्लोट. आई लेकीची लेक, लेक आईची आई. मी हे प्रपत्रात बसवून पाहिलं. अर्जदाराच्या वर आईचं नाव, आईच्या वर आजीचं, आणि आजीच्या जागी पुन्हा अर्जदार. रेघ खाली उतरायच्या ऐवजी गोल फिरते. कोणत्याही पडताळणी समितीनं हा अर्ज त्रुटी काढून परत पाठवला असता, आणि त्यांचं चुकलं नसतं.

मालिकेतल्या घड्याळजीकडे एक पुस्तक येतं, काळप्रवासावरचं, त्याच्याच नावाचं. त्यानं ते अजून लिहिलेलं नाही. ते वाचूनच तो पुढे ते लिहितो. मग मुळात लिहिलं कोणी? तज्ज्ञ याला कोडं म्हणतात. मला ते माझ्या टेबलावरचं वाटलं. बारावी पास झालेल्या पोराला पुढच्या वर्षी नर्सिंगला जायचं असतं, म्हणून घरचे पणजोबा शोधायला निघतात. तोवर पणजोबांचं नाव कोणाच्या तोंडीही नव्हतं. एका कोलाम पोडावरचे, म्हणजे वस्तीवरचे, आजोबा आले होते. त्यांच्या वडिलांचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेनं लिहिलेलं, जन्मसाल कुठेच नाही. “बाबाजी, तुमचे वडील कोणत्या सालचे?” असं विचारलं की ते म्हणायचे, “आमी कायले लिहून ठेवतो, माय?” नातीच्या कॉलेजमुळे शेवटी एका जुन्या शाळेच्या रजिस्टरात त्यांच्या थोरल्या भावाची नोंद सापडली, तिथून वडिलांचं नाव पक्कं झालं. जी अजून नर्स झालेली नव्हती तिच्यामुळे मेलेला पणजोबा कागदावर जन्माला आला. विंडेनमध्ये पुढचा काळ मागच्याला घडवतो हे दाखवायला यंत्र, गुहा आणि किरणोत्सारी पिंपं लागतात. इथे एक प्रतिज्ञापत्र पुरतं.

फरकही आहे, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. विंडेनमध्ये कोणालाच काही बदलता येत नाही. जो तो बदलायला जातो आणि जे घडलं तेच घडवून येतो. माझ्याकडे राजपत्रात नाव बदलता येतं, शाळेच्या दाखल्यातली चूक दुरुस्त होते, फेरफार निघतो. हेलपाटे पडतात, पण होतं. मालिका पाहून झाल्यावर आठवडाभर मला प्रत्येक अर्जदाराच्या चेहऱ्यात त्याचा पणजोबा दिसायचा. अशी झिंग चढते यात शंका नाही. अमेरिकेतल्या मेलनी ग्रीन आणि टिमथी ब्रॉक या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली यावर काम केलं: माणूस गोष्टीत ‘वाहून’ गेला की त्याची मतंही गोष्टीच्या बाजूला सरकतात. त्याच्याही आधी, १९२७ मध्ये, बर्लिनमध्ये ब्लूमा झायगार्निक हिनं दाखवलं होतं की अर्धवट राहिलेलं काम पुऱ्या झालेल्या कामापेक्षा जास्त आठवतं. पुढच्या प्रयोगांत ते सगळीकडे सारखं आढळलं नाही, पण प्रत्येक भागाच्या शेवटी एक दार उघडून ठेवणाऱ्या लोकांनी हे नीट ओळखलेलं आहे. जुन्यांनाही हे नवं नाही. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी ‘रामायण’ लागायचं तेव्हा वणीत माझ्या माहेरच्या गल्लीत चिटपाखरू दिसत नसे, आणि गोष्ट तर प्रत्येकाला तोंडपाठ होती.

मालिकेत मला खटकलेलं पुष्कळ आहे. कोणी हसत नाही. २६ भागांत एकाही घरात पोटभर जेवण झालेलं मला दिसलं नाही. पाऊस सतत, आणि कोणाचे कपडे वाळत घातलेले नाहीत. तिसऱ्या हंगामात दुसरं जग आणल्यावर गाठी इतक्या वाढल्या की सोडवायच्या ऐवजी शेवटी त्यांनी दोराच कापला. तो शेवट भाच्याला फार आवडला, मला सोपा वाटला. दुसरा हंगाम सगळ्यात चांगला, कारण त्यात माणसं आपापल्या म्हाताऱ्या रूपाशी भांडतात, आणि म्हातारी माणसं तरुणांचं ऐकत नाहीत, हे कुठल्याही ओसरीवर खरं आहे.

पाहायची असेल तर मूळ जर्मन आवाज ठेवा, खाली इंग्रजी ओळी वाचा. दुसरं काही करत करत पाहू नका. नावं लिहीत चला. मालिकेच्या अधिकृत संकेतस्थळावर एक सोय केली होती: तुम्ही कुठवर पाहिलंय ते सांगितलं की तेवढ्यापुरताच वंशवृक्ष उघडायचा, पुढचा झाकलेला. मला तो नंतर कळला, आणि माझा जास्त नीट आहे, कारण त्यांनी दत्तक मुलं तुटक रेघेनं दाखवलेली नाहीत.

याच जोडीनं २०२२ च्या नोव्हेंबरात ‘१८९९’ ही मालिका आणली, जहाजावरची. तीन हंगामांचा बेत होता. आठ भागांनंतर, जानेवारी २०२३ मध्ये, ती बंद करत असल्याचं जाहीर झालं. भाचा आता हैदराबादला नोकरीला आहे, तिकडून सांगतो की आत्या, अर्धवट आहे पण सुरू तर कर. सासूबाईंचं म्हणणं, पुढचं माहीतच होणार नसलं तर कशाला डोळे फोडायचे. दिवाळीत तो येईल तेव्हा बघू.